पाण्यातली ऊब

डिसेंबर सरत आला की पांढुर्णा आणि सौंसरच्या संत्राबागा ताणावर असतात. आंबिया बहार धरायचा म्हणून झाडांचं पाणी तोडलेलं असतं, पानं मलूल होऊन झुकलेली असतात. जानेवारीच्या मध्याला ताण सोडायचा, पहिलं ओलित द्यायचं, की झाड नव्या पालवीवर आणि फुलांवर येतं. हे दिवस पुढेमागे करून भागत नाही. नेमकं तेव्हाच, इतके दिवस उभी असलेली मोटर सुरू करायला जावं तर ती हवा घेते. फुटवॉलमध्ये पाला बसलेला असतो, पाइपाचा जोड ढिला झालेला असतो, नाहीतर सबमर्सिबलचा दोर कुजून तुटलेला असतो. मग विहिरीत उतरायला माणूस लागतो. वर्षातला सगळ्यात गारठ्याचा पंधरवडा आणि विहिरीत बुडी मारायचं काम, दोन्ही इथे एकाच वेळी येतात.

२०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. कागदोपत्री मध्य प्रदेश, घरात मराठी, बाजार नागपूरचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, तेवढ्यापुरतं या भागाचं नाव देशभरच्या बातम्यांत येतं. एरवी इथलं जगणं संत्री, कापूस आणि त्यांना लागणारं पाणी यांच्याभोवती फिरतं. सातपुड्याचा हा दक्षिण उतार. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. खाली सपाटीवरच्या नागपुरातही डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर उतरला होता, यावरून इथल्या पहाटेची कल्पना यावी.

थंड पाण्यात हौसेने बुड्या मारणाऱ्या स्कूबा डायव्हरांसाठी गेल्या सत्तर वर्षांत जगभर पुष्कळ ज्ञान जमा झालं आहे. अंग ऊबदार कसं ठेवायचं, किती वेळ पाण्यात राहायचं, बाहेर आल्यावर काय करायचं, याची पुस्तकं आहेत, प्रशिक्षणं आहेत, प्रयोगशाळा आहेत. ते सगळं वाचताना मला सतत या विहिरीत उतरणाऱ्या माणसाची आठवण येत राहिली. त्याच्या अंगावर चड्डी-बनियान असतं आणि कमरेला दोर असतो. त्याला कोणी हौशी म्हणणार नाही. पण पाणी हौस आणि पोट यांत फरक करत नाही, अंगातली उष्णता दोघांचीही सारखीच ओढून घेतं. म्हणून तिकडच्या ज्ञानातलं इकडे काय लागू पडतं, ते नीट तपासून पाहावं असं वाटलं.

विहिरीत उतरणारा माणूस वर उभ्या असलेल्यांना सांगतो की पाणी गरम आहे. तो खरंच सांगत असतो. जमिनीत काही मीटर खोल गेलं की उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार पोहोचत नाही, तिथे वर्षभराच्या सरासरीएवढं तापमान टिकून राहतं. नागपूरच्या पट्ट्यात ही सरासरी २६-२७ अंशांच्या आसपास आहे. पहाटे वर हवा ८-१० अंशांवर असताना खालचं पाणी पंचविशीत असतं, म्हणून विहिरीतून वाफ निघताना दिसते. हात घातला तर ऊब लागते, उतरल्यावर पहिली काही मिनिटं सुखाची जातात. आणि अर्ध्या-पाऊण तासाने तोच माणूस काळेनिळे ओठ घेऊन, हुडहुडी भरलेला, वर येतो.

कोमट पाणी माणसाला गारठवतं ते असं. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ अंश असतं. उघड्या अंगाने, हालचाल न करता, पाण्यात पडून राहायचं आणि उष्णता गमवायची नाही, तर पाणी ३३ ते ३५ अंशांचं लागतं. त्याहून थंड पाणी अंगातली उष्णता घेतच राहतं, फरक एवढाच की किती वेगाने. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत ते हजारो पट उष्णता पोटात घेतं, म्हणून अंगालगतचं पाणी तापून थांबलं आणि सुटका झाली असंही होत नाही. २६ अंशांच्या हवेत आपण बनियानावर आरामात बसतो. २६ अंशांच्या पाण्यात मात्र शरीराचा हिशेब पहिल्या मिनिटापासून तोट्यात चालू असतो.

शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करतो. कुडकुडायला लागलं की ती चार-पाच पट होऊ शकते, कुडकुडणं हे शरीराचं शेवटचं मोठं अस्त्र आहे. पण ते साखर जाळून चालतं, आणि उपाशीपोटी उतरलेल्या माणसाकडे ती पुरेशी नसते. आतलं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेलं की वैद्यकशास्त्र त्याला हायपोथर्मिया म्हणतं. म्हणजे अवघ्या दोन अंशांचा खेळ. ३२ च्या खाली कुडकुडणं मंदावतं, भान हरपायला लागतं, आणि माणूस शांत झाला म्हणजे बरा झाला असा बघणाऱ्यांचा गैरसमज होतो. तिथेच घात होतो.

आता खरोखरच थंड पाणी घेऊ. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी स्वतःला बर्फाळ पाण्यात पुन्हा पुन्हा उतरवून याचा अभ्यास केला आणि लोकांच्या लक्षात राहील असा एक हिशेब मांडला: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. बर्फाळ पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. त्यानंतरची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. आपल्याकडे सर्वांना भीती वाटते ती त्या शेवटच्या तासाची. बळी मात्र पुष्कळदा पहिल्याच मिनिटात जातो. कातडी एकदम थंड झाली की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, त्यावर आपला ताबा राहत नाही. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी फुफ्फुसात जातं. नाडी आणि रक्तदाब उसळतात, हृदय आधीच कमकुवत असेल तर ते तिथेच दगा देऊ शकतं. ब्रिटनमधली जीवरक्षक संस्था आरएनएलआय म्हणूनच लोकांना शिकवते की थंड पाण्यात पडलात तर पोहायची घाई करू नका, आधी पाठीवर तरंगत राहा, श्वास जागेवर येऊ द्या.

पांढुर्ण्यापासून जवळच मुलताई आहे, तापीचं उगमस्थान. कार्तिकात आणि माघात पहाटेच्या स्नानाला लोक अशा ठिकाणच्या कुंडांवर, नदीच्या घाटांवर जातात. उथळ, उघडं पाणी विहिरीसारखं नसतं. ते रात्रभर आकाशाखाली निवत राहतं. जुन्या बायका आधी पायांवर पाणी घेतात, मग हातांवर, तोंडावर, आणि मग डुबकी मारतात. या क्रमाने शरीराला धक्का हप्त्याहप्त्याने बसतो, एकदम बसत नाही. त्यांचं बरोबर आहे. काठावरून धाडकन उडी मारणाऱ्या नातवाला हे कोणीतरी आवर्जून सांगायला हवं, आणि हृदयविकार असलेल्या आजोबांना तर नक्कीच.

विहिरीत त्या पहिल्या मिनिटाचा धोका कमी. तिथे घात करतो तो मधला टप्पा, हातांचा. कातडी थंडावली की शरीर हातापायांकडचं रक्त आखडून घेतं आणि पोट-छातीकडे वळवतं, जीव वाचवण्यासाठी. त्याची किंमत बोटं मोजतात. कोपरापासून खालचे स्नायू आणि नसा थंड झाल्या की पकड जाते. पाना हातातून सुटतो, नट सापडत नाही, दोराची गाठ बसत नाही. अजून पाच मिनिटांत होईल म्हणून माणूस आत राहतो आणि त्याच पाच मिनिटांत दोर धरून तीस-चाळीस फूट वर चढायची ताकद निघून जाते. डायव्हिंगच्या प्रशिक्षणात यावर एक साधा नियम आहे: कुडकुडायला लागण्याआधी बुडी संपवायची. थंडी वाजते म्हणून वर यायचं असं ठरवलं तर उशीर झालेला असतो. विहिरीच्या कामालाही हा नियम जसाच्या तसा लावता येतो, फक्त वर उभ्या माणसाने घड्याळ बघायला हवं आणि खालच्याने त्याचं ऐकायला हवं.

थंड पाण्यातल्या कपड्यांची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्या जवानांना थंडीपासून कसं वाचवायचं हा प्रश्न होता. तोवरचा विचार असा की अंग कोरडं ठेवलं तरच ऊब राहील, म्हणून रबराचे बंद पोशाख घालायचे. ते फाटले की आत पाणी, आणि मग सगळं संपलं. बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर, जे आधी अणुबॉम्बच्या प्रकल्पात होते, १९५१ च्या सुमाराला या प्रश्नाकडे वळले आणि त्यांनी तो उलटा करून पाहिला. माणूस ओला झाला तर बिघडलं कुठे? ऊब कोरडेपणातून येत नाही, अडकून राहिलेल्या वायूतून येते. तो वायू कापडातच बंद करून टाकला तर आत थोडं पाणी आलं तरी चालेल. सहकारी विलार्ड बास्कम यांनी त्यासाठी निओप्रीन सुचवलं. हे कृत्रिम रबर ड्यूपाँट कंपनीत १९३० मध्ये तयार झालं होतं, आणि त्यात नायट्रोजनचे असंख्य बारीक, एकमेकांपासून बंद असलेले बुडबुडे भरून फेस करता येत होता. आपली गोधडी जशी थरांमध्ये कोंडलेल्या हवेने ऊब देते, तसंच हे, फक्त इथली हवा रबरात कैद असल्याने पाण्यात भिजून मरत नाही. ब्रॅडनर यांनी या कल्पनेचं पेटंट काही मिळवलं नाही. त्या कल्पनेतून झालेला वेटसूट जगभर पसरला.

वेटसूटबद्दल एक समजूत अगदी डायव्हरांमध्येही घट्ट आहे: आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने तापतो आणि तोच ऊब देतो. खरं तर तो थर तापवायला शरीरालाच खर्च करावा लागतो. ऊब देतं ते निओप्रीन. पाणी जितकं कमी शिरेल आणि शिरलेलं जितकं कमी बदलेल तितकं चांगलं. म्हणून मापाला महत्त्व आहे. पाठीच्या पन्हाळीत, काखेत, मानेशी सूट सैल असला तर प्रत्येक हालचालीबरोबर तापवलेलं पाणी बाहेर आणि थंड पाणी आत, असा पंप सुरू होतो. घट्ट बसलेला ३ मिलिमीटरचा सूट ढगळ ५ मिलिमीटरच्या सुटापेक्षा जास्त ऊबदार ठरू शकतो.

खोल जाणाऱ्या डायव्हरला आणखी एक अडचण येते. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि निओप्रीनमधले बुडबुडे जवळपास निम्म्या आकाराचे होतात, ३० मीटरवर पाव. म्हणजे जिथे पाणी सगळ्यात थंड, तिथेच सूट सगळ्यात पातळ. इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची पाण्याने भरलेली जुनी दगडखाण आहे, तिथे ब्रिटिश डायव्हर हिवाळाभर शिकत असतात. गोडं पाणी ४ अंशांना सगळ्यात जड होतं, त्यामुळे अशा थंड देशांतल्या खोल पाण्याच्या तळाशी हिवाळाभर ४-५ अंश मुक्कामाला असतात. तिथे ड्रायसूट वापरतात. मानेला आणि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या, आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे, आणि खोल जाताना दाबाने सूट अंगावर आवळू नये म्हणून नळीने थोडी थोडी हवा भरत राहायची. आत सुती कपडा घालायचा नाही हा पक्का नियम, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं सूत ऊब देत नाही.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते हे आपण सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. ते खरं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा भाग आहे आणि उष्णताही साधारण तेवढ्याच प्रमाणात तिथून जाते. पण बाकीचं सगळं अंग झाकलेलं असताना डोकं उघडं असेल तर गळती तिथूनच होणार, आणि कानात अचानक थंड पाणी गेलं की तोल जातो, गरगरतं. त्यामुळे टोपी हवीच, आणि ती शेवटी घालायची वस्तू नव्हे.

श्वासाकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. डायव्हरच्या टाकीतली हवा प्रचंड दाबाखाली असते. ती मोकळी होताना प्रसरण पावून थंड होते, आणि कोरडीही असते. प्रत्येक श्वास छातीने गरम करायचा, ओला करायचा आणि बुडबुड्यांबरोबर सोडून द्यायचा. खोलीबरोबर हवा दाट होते, तसा हा खर्चही वाढतो. थंडीत लघवी वारंवार लागते, तीही याच कुळातली गोष्ट: हातापायांतलं रक्त मधल्या भागात गोळा झाल्यावर शरीराला पाणी जास्त झालं असं वाटतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतात. मग डायव्हर पाणी पिणंच टाळतात, रक्त दाट होतं, आणि वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. याबाबत अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांतून एक विचित्र वाटणारी गोष्ट पुढे आली. तळाशी असताना अंग ऊबदार आणि वर येतानाच्या थांब्यांवर थंड, हा जोड सगळ्यात वाईट. ऊबदार अंगात नायट्रोजन भराभर शिरतो आणि थंडावलेल्या अंगातून तो सावकाश निघतो. म्हणून ऊब राखायची तर ती शेवटपर्यंत पुरली पाहिजे.

पांढुर्णा-सौंसरकडची तरुण मंडळी दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत कोकणात जातात, तेव्हा स्कूबाशी त्यांची ओळख मालवणात होते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या होड्या पुष्कळ आहेत. तिथलं पाणी पंचविशीच्या वरच असतं. पर्यटक पाण्याखाली थोडा वेळ राहतो, मासे बघतो, फोटो काढून वर येतो, आणि होडीत वाऱ्यावर बसल्यावर कुडकुडायला लागतो. ओल्या अंगावरून पाणी वाळताना प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातं, वारा ते काम वेगाने करवून घेतो. पण मी विचार करते तो त्या पर्यटकाचा हात धरून नेणाऱ्या मालवणी पोराचा. तो दिवसभरात किती फेऱ्या पाण्याखाली मारतो! डायव्हिंगची पुस्तकं सांगतात की दुसऱ्या बुडीची सुरुवात पहिल्या बुडीच्या उधारीवर होते. कातडी उन्हात तापली म्हणून बरं वाटतं, आतली तूट भरून निघालेली नसते. कोमट पाण्यातही थंडीचा खरा भार उचलतो तो त्यात रोज काम करणारा.

यावर दक्षिण कोरियातला अनुभव फार बोलका आहे. तिथल्या हॅन्यो, म्हणजे समुद्रात बुड्या मारून शिंपले, शेवाळ आणि समुद्री गोगलगायी काढणाऱ्या बायका, पिढ्यान्‌पिढ्या सुती पोशाखात पाण्यात उतरत. हिवाळ्यात तिथला समुद्र १० अंशांपर्यंत खाली येतो. थोडा वेळ बुड्या मारायच्या, बाहेर येऊन दगडी आडोशाच्या शेकोटीपाशी बसायचं, मग पुन्हा उतरायचं. १९६० च्या दशकात सुक की हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांचा अभ्यास केला. हिवाळ्यात त्यांच्या शरीराचा नुसता बसल्या जागचा ऊर्जाखर्च इतर बायकांपेक्षा सुमारे ३० टक्के वाढत असे. त्यांना कुडकुडायला उशिरा लागे, कातडीखालचं रक्त त्या जास्त काटेकोरपणे आवरत. शरीराने थंडीशी केलेलं हे जुळवून घेणं पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या बायकांकडे वेटसूट आले. त्यांचा अभ्यास पुढेही चालू राहिला होता, आणि असं दिसलं की काही वर्षांतच ते सगळं जुळवून घेणं नाहीसं झालं. हिवाळ्यातला वाढीव ऊर्जाखर्च गेला, कुडकुडणंही इतरांसारखं झालं. याकडे काही जण हानी म्हणून बघतात, निसर्गाने दिलेली ताकद आधुनिक वस्तूने हिरावली असं म्हणतात. मला ते पटत नाही. ती ताकद म्हणजे रोज जास्त खाऊन, जास्त जाळून, दरवेळी ३५ अंशांच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत येण्याची किंमत होती. सूट मिळाल्यावर त्या बायका जास्त वेळ काम करू शकल्या आणि शेकोटीपाशी धडपडत येण्याची पाळी कमी झाली. आपल्याकडे पाण्यात काम करणाऱ्यांबद्दल ‘त्यांना सवय असते’ असं सहज म्हटलं जातं. सवय असते, हे खरं. पण त्या सवयीसाठी रोज काय मोजावं लागतं, ते या कोरियातल्या बायकांच्या अभ्यासाने आकड्यांत दाखवून दिलं आहे.

खाडी पोहणारे जलतरणपटू मात्र नियमानेच वेटसूट घालत नाहीत. पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहणारा पहिला आशियाई ठरला. त्याच वर्षी मध्य प्रदेशचा सत्येंद्रसिंह लोहिया आणि महाराष्ट्राचा चेतन राऊत यांचा समावेश असलेल्या दिव्यांग जलतरणपटूंच्या संघाने आळीपाळीने पोहत इंग्लिश खाडी ओलांडली. ही मंडळी महिनोन्‌महिने थंड पाण्यात सराव करतात, अंगावर चरबी चढवतात, आणि सोबतच्या होडीतून कोणीतरी त्यांच्यावर क्षणोक्षणी नजर ठेवून असतं. थंडी सोसण्याचा विक्रम करायचा तर त्यामागे एवढी यंत्रणा लागते.

अशी यंत्रणा नसलेल्यांपैकी आता शिंगाडा तोडणाऱ्यांकडे येते. उपवासाला आपण शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करतो, थालीपीठ लावतो. तो शिंगाडा जबलपूर, सिवनी, बालाघाटच्या तलावांतून येतो, तसाच भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांतूनही. पावसाळ्यात वेल लावायचे आणि दसऱ्याच्या आसपास तोडणी सुरू करायची, ती हिवाळ्यात खोलवर चालते. ढिवर, ढीमर, भोई समाजातली माणसं, आणि त्यात बायका पुष्कळ, कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहून, नाहीतर हवा भरलेल्या ट्यूबवर बसून, पाण्यावरचा पानांचा झुबका उलटा करतात आणि खालची फळं खुडतात. फळाला काटे असतात. सुन्न झालेल्या बोटांना काटा कधी घुसला ते कळत नाही. एका वेलावरून पुन्हा पुन्हा तोडणी असते, म्हणजे हे एक-दोन दिवसांचं काम नाही, ऋतूभराचं आहे. आणि हे तलाव उथळ, उघडे, रात्रभर निवलेले. विहिरीची कोमट दया इथे नाही.

स्कूबाच्या दुकानात हौशी पर्यटकासाठी जो ३ किंवा ५ मिलिमीटरचा सूट टांगलेला असतो, त्याची खरी गरज इथे आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि शिंगाडा खुडणाऱ्या बाईला तर वेटसूटची मोठी अडचणही सोसावी लागणार नाही, कारण ती खोल जात नाही. छातीएवढ्या पाण्यात निओप्रीन दबत नाही, त्याची पूर्ण जाडी कामी येते. जोडीला निओप्रीनचे हातमोजे आणि पायमोजे मिळाले तर काट्यांपासूनही बचाव. मासेमारी सहकारी संस्थांना जाळी, होड्या, मत्स्यबीज यांसाठी सरकारी मदत मिळते. त्या यादीत पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावरचा कपडा का असू नये? पूर आल्यावर जाम आणि कन्हानच्या पात्रात बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या गोताखोरांनाही तो लागतो. त्यांची बुडी पावसाळ्यातल्या कोमट पाण्यात असली तरी शोध तासन्‌तास चालतो, आणि वेळ लांबला की कोमट पाणीही थंड पाण्याचं काम करतं.

कपडा येईल तेव्हा येईल, काही गोष्टी बिनपैशाच्या आहेत. उतरण्याआधी पोटात काही हवं, भाकरी-गूळ असं जळायला टिकणारं. पाणी पिऊन उतरावं. काम वाटून, आळीपाळीने करावं, दुसऱ्या वेळेची पाळी पहिलीपेक्षा छोटी ठेवावी. उघड्या अंगापेक्षा अंगासरशी बसणारा सिंथेटिक कपडा बरा, ढगळ सदरा मात्र नको. वर आल्यावर आधी वाऱ्याचा आडोसा, मग ओले कपडे काढणं, अंग टिपून कोरडं करणं, डोक्याला गुंडाळणं, आणि मग गरम गोड चहा.

मोहाची घोटभर घेतली की अंगात ऊब येते असं सातपुड्यात सगळीकडे मानलं जातं. ऊब वाटते हे खरं, पण ती कातडीला वाटते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आत राखून ठेवलेलं गरम रक्त बाहेरच्या थंडीला देऊन टाकलं जातं, आणि कुडकुडणंही मंदावतं. पाण्यातून आलेल्या माणसाला दारू देणं म्हणजे त्याची उरलीसुरली शिल्लक उधळणं. फार गारठलेल्या माणसाचे हातपाय चोळू नयेत, त्याला उभं करून चालवत नेऊ नये, आडवं ठेवावं. पाण्यातून काढल्यावरही आतलं तापमान काही काळ उतरतच राहतं, आणि याच वेळात काहींचा जीव जातो. गारठलेला माणूस बडबडायचं थांबला, कुडकुडायचं थांबला, तर त्याला गुंडाळून थेट दवाखान्यात न्यावं. शेकोटी चांगली, पण सुन्न हात जाळाच्या फार जवळ नेऊ नयेत. भाजलेलं त्यांना कळत नाही.

सूट गावात आला तर तो फाटल्यावर दुरुस्त कोण करणार, असा प्रश्न कोणीतरी विचारेलच, आणि तो रास्त आहे. निओप्रीन काट्याला, खिळ्याला, विहिरीच्या दगडाला फाटतं. त्याची दुरुस्ती अवघड नाही. फाटलेल्या दोन्ही कडा कोरड्या, स्वच्छ करायच्या, दोन्हींना रबरी गोंद लावून तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा, मग कडा एकमेकींवर दाबून धरायच्या, आणि वरून आतल्या कापडाला टाके घालायचे. तो गोंद ज्या रबराचा असतो, त्याच रबराचा गोंद चपलेचा तळ चिकटवायला वापरतात. सौंसरच्या बाजारात चपला शिवायला बसणाऱ्या माणसाच्या पेटीत तो आजही असतो, आणि सुई-दोराही असतो.